कंपनीच्या राजकीय वादावरून सॉफ्टवेअर सोडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपनीचा मालक काहीतरी बोलतो, गदारोळ होतो, कंपनी सारवासारव करते, आणि रोज उघडतो त्या ॲपकडे बघून पहिल्यांदाच मनात येतं, अरे, याला तर आपण पैसे देतो. मी यातून एकदा गेले आहे. नंतर ओळखीच्या पाच-सहा जणांचा बाडबिस्तरा हलवायला मदतही केली. प्रत्येक जण तेच विचारतो, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय.

मालकाचं मत पटलं नाही म्हणून चांगलं चाललेलं सॉफ्टवेअर सोडायचं, हा आततायीपणा नाही का?

कधी कधी असतो. नुसत्या मतावरून सोडायचं म्हटलं तर कॉम्प्युटरच बंद करून बसावं लागेल. ब्राउझरपासून कीबोर्डच्या ॲपपर्यंत प्रत्येकामागे कुणीतरी आपल्याला न पटणारं बोललेलं असतंच. अर्थात पैसे तुमचे आहेत. ते कुणाला द्यायचे नाहीत याचं कारण सांगायलाही तुम्ही बांधील नाही.

माझी स्वतःची कसोटी जरा वेगळी आहे. मालक काय मानतो हे मी दुसऱ्या नंबरवर ठेवते. वाद उठल्यावर कंपनी आपल्या नोकरदारांशी आणि ग्राहकांशी कशी वागली, ते आधी बघते. कारण माझ्या नोंदी, पत्रं, हिशेब त्यांच्याच सर्व्हरवर पडलेले आहेत. उद्या माझं त्यांच्याशी वाजलं तर ते माझ्याशी कसे वागतील, याची झलक तिथे फुकटात बघायला मिळते.

मत आणि वागणूक वेगळी काढायची कशी? दोन्ही एकमेकांत गुंतलेलं असतं.

गुंतलेलं असतं, खरंय. दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवते.

फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २४ मार्च २०१४ रोजी ब्रेंडन आइक यांची मुख्याधिकारी म्हणून नेमणूक जाहीर केली. हेच ते जावास्क्रिप्ट या वेबच्या प्रोग्रामिंग भाषेचे जनक. कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहावर बंदी आणणाऱ्या 'प्रपोझिशन ८'च्या बाजूने त्यांनी २००८ मध्ये १,००० डॉलर दिले होते, ते पुन्हा वर आलं. ओकेक्युपिड या डेटिंग साइटने फायरफॉक्समधून येणाऱ्यांना दुसरा ब्राउझर वापरायची विनंती करणारा संदेश दाखवला. ३ एप्रिलला आइक पायउतार झाले. पुढे काय झालं? काही लोकांनी ते आले म्हणून फायरफॉक्स सोडला होता, आता काहींनी ते गेले म्हणून सोडला. ब्राउझरमध्ये मात्र या अकरा दिवसांत काडीचाही फरक पडला नव्हता. देणगी एका माणसाच्या खिशातली, सहा वर्षांपूर्वीची. माझ्या कसोटीने हे 'मत' झालं. पण त्या मोहिमेमुळे ज्यांचा लग्नाचा हक्क गेला, त्यांना 'अहो, हे नुसतं मत आहे' असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. त्यांनी सोडला असेल तर ठीकच केलं.

दुसरं उदाहरण बेसकॅम्पचं, म्हणजे टीमचं काम आखायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचं. तिथे ग्राहकांच्या 'गमतीदार' वाटणाऱ्या नावांची एक यादी कर्मचाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरत होती. त्यात आशियाई आणि आफ्रिकी नावंही होती. हे योग्य आहे का, यावर आतल्या आत चर्चा पेटली आणि २६ एप्रिल २०२१ रोजी मालकांनी कंपनीच्या कामाच्या खात्यावर सामाजिक-राजकीय चर्चाच बंद करून टाकली. ज्यांना पटत नाही त्यांना सहा महिन्यांपर्यंतचा पगार घेऊन जाण्याची मुभा दिली. साठाच्या आत-बाहेर माणसांच्या कंपनीतून काही दिवसांत सुमारे एक तृतीयांश लोक उठून गेले. डिझाइन, मार्केटिंग आणि ग्राहकसेवा या विभागांचे प्रमुखही त्यात होते. इथे मालक कुणाला मत देतात याच्याशी मला कर्तव्य नाही. ती यादी ग्राहकांच्या नावांची होती, आणि त्यावर प्रश्न विचारणं हा उपद्रव ठरला, हे मला टोचतं. शिवाय एक कोरडा व्यावहारिक मुद्दा उरतोच: तिसरा हिस्सा माणसं एका आठवड्यात गेली, तर माझ्या तक्रारीला उत्तर कोण देणार?

'आम्ही राजकारणात पडत नाही' असं कंपनीने जाहीर केलं, तर ते चांगलं की वाईट?

ते धोरण म्हणून गैर नाही. कॉइनबेस या क्रिप्टो चलनांच्या बाजारपेठेने सप्टेंबर २०२० मध्ये तेच केलं; ज्यांना मान्य नव्हतं त्यांना पैसे देऊन मोकळं केलं, आणि साधारण ६० जण म्हणजे पाचेक टक्के लोक गेले. मी अशा वेळी एकच बघते: नियम वरच्या मजल्यालाही लागू आहे का? कर्मचाऱ्यांनी गप्प बसायचं आणि मालकाने मात्र रोज सकाळी उठून जगाला धडे द्यायचे, असं असेल तर मग राजकारण सुरूच आहे. फक्त बोलण्याचा मक्ता एकाकडे गेलाय.

तुम्ही स्वतः काय सोडलंत, आणि का?

नोंदी ठेवायचं एक ॲप. नाव सांगत नाही. कंपनी लहान आहे आणि मला कुणाच्या पाठी झुंड लावायची नाही. सहा वर्षं पैसे भरून वापरत होते. मालकाने एका निवडणुकीच्या धामधुमीत काहीतरी लिहिलं, जे मला पटलं नाही. मी खांदे उडवले आणि कामाला लागले.

मग ग्राहकांनी मदतकक्षाला पत्रं लिहिली. पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांना अक्षरशः एकच छापील उत्तर गेलं. तिसऱ्या दिवशी मालकाने एका ग्राहकाच्या पत्रातल्या चार ओळी, नाव झाकून, चेष्टेसाठी जाहीर केल्या. नाव झाकलेलं होतं हे कबूल. पण त्या ओळींत त्या बाईंनी आपण ॲपमध्ये काय काय ठेवतो तेही लिहिलं होतं. मदतकक्षाला लिहिलेलं पत्र मालकाच्या हातात शस्त्र म्हणून गेलं, हे बघून माझं मन उडालं. माझ्याही नोंदी तिथेच होत्या ना.

राजकारण थेट सॉफ्टवेअरच्या आतच शिरलं तर?

तिथे मी फार विचार करत बसत नाही. पण 'आत शिरलं' म्हणजे नक्की काय झालं, ते तपासून घ्या.

नोटपॅड प्लस प्लस या मजकूर लिहायच्या प्रोग्रामच्या निर्मात्याने ऑक्टोबर २०१९ मध्ये आपल्या एका आवृत्तीला 'फ्री उइघुर' (चीनमधल्या उइघुर मुस्लिमांना मुक्त करा) असं नाव दिलं. त्याच्या प्रकल्पाच्या पानावर शिव्यांचा पाऊस पडला, संकेतस्थळावर हल्ला झाला. पण प्रोग्राम उघडला की तुमची फाइल जशीच्या तशी होती. मार्च २०२२ मध्ये 'नोड-आयपीसी' या, आठवड्याला लाखो वेळा उतरवल्या जाणाऱ्या, जावास्क्रिप्टच्या तुकड्यात त्याच्या लेखकाने युक्रेनवरच्या हल्ल्याच्या निषेधार्थ भलताच कोड घातला. संगणक रशिया किंवा बेलारूसमधला वाटला, तर त्यावरच्या फाइली पुसून तिथे हृदयाचं चिन्ह भरायचं. हेतू कितीही उदात्त असो, माझ्या डिस्कवर हात टाकणारा माणूस कुठल्या बाजूचा आहे हे मी विचारणार नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात कमी दिसतो: सेवा तीच, पण कुणाला मिळेल हे सरकार सांगतं. जून २०२० मध्ये १९८९ च्या तिआनानमेन चौकातल्या हत्याकांडाच्या स्मृतिदिनाच्या ऑनलाइन सभांवरून झूमने चीन सरकारच्या सांगण्यावर काही कार्यकर्त्यांची खाती बंद केली. त्यातले काही तर चीनच्या बाहेर राहणारे होते. ओरड झाल्यावर खाती परत सुरू केली, चूक झाल्याचं मान्य केलं आणि मुख्य भूमीबाहेरच्या वापरकर्त्यांना चीनच्या मागण्यांची झळ लागू देणार नाही असं जाहीर केलं. तुमचं काम संवेदनशील असेल, तर मालक काय लिहितो यापेक्षा ही तिसऱ्या प्रकारची बातमी कैक पटीने महत्त्वाची.

मी एकट्याने सोडून काय फरक पडणार?

कंपनीला? एकट्याने बहुतेक काहीच नाही. पण तुम्ही एकटे असालच असं नाही.

जानेवारी २०१७ मध्ये ट्रम्प यांच्या प्रवासबंदीच्या निषेधार्थ न्यूयॉर्कच्या टॅक्सीचालकांनी विमानतळावर तासभर भाडी नाकारली. त्याच संध्याकाळी उबरने तिथली वाढीव आकारणी बंद केल्याचं जाहीर केलं, आणि लोकांनी त्याचा अर्थ 'संप फोडला' असा घेतला. 'डिलीट उबर' मोहीम सुरू झाली. उबरचे प्रमुख काही दिवसांतच ट्रम्प यांच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दोन वर्षांनी शेअर बाजारात उतरताना कंपनीने स्वतःच कागदोपत्री नोंदवलं की त्या मोहिमेमुळे काही दिवसांत काही लाख ग्राहकांनी वापर थांबवला होता.

कधी एकच माणूसही पुरतो, पण त्यासाठी तो योग्य जागी बसलेला लागतो. सर्व्हर सांभाळायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या शेफ या कंपनीचं अमेरिकेच्या आयसीई या स्थलांतरविषयक यंत्रणेशी कंत्राट असल्याचं सप्टेंबर २०१९ मध्ये बाहेर आलं. एका माजी कर्मचाऱ्याने निषेध म्हणून आपले कोडचे तुकडे सार्वजनिक भांडारातून काढून घेतले आणि शेफच्या ग्राहकांची कामं अडली. मुख्याधिकाऱ्यांनी आधी कंत्राटाची पाठराखण केली. काही दिवसांत, मुदत संपल्यावर ते पुढे वाढवणार नाही असं सांगितलं. त्याच यंत्रणेशी गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळाचा साधारण २ लाख डॉलरचा करार होता. तिथे कर्मचाऱ्यांनीही आवाज उठवला, कंपनीने ५ लाख डॉलर स्वयंसेवी संस्थांना देऊ केले, करार मात्र ठेवला. म्हणजे खात्री कशाचीच नाही.

वाद उठल्यावर किती दिवस थांबावं?

मी दोन आठवडे थांबते. पहिल्या दिवशीच्या बातम्या अर्धवट असतात, आणि कंपनीचं पहिलं निवेदन तर वकिलाने लिहिलेलं असतं.

ब्लिझार्ड या व्हिडिओ गेम कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनाची घोषणा थेट प्रक्षेपणात देणाऱ्या, त्यांच्या हार्थस्टोन या खेळाच्या एका खेळाडूवर वर्षाची बंदी घातली, बक्षिसाचे पैसेही काढून घेतले. काही दिवसांतच बंदी सहा महिन्यांवर आली, पैसे परत मिळाले. महिन्याभराने त्यांच्या वार्षिक मेळाव्यात अध्यक्षांनी मंचावरून माफी मागितली, आपण निर्णय फार घाईने घेतला आणि बोलायला उशीर केला असं कबूल केलं. शिक्षा मात्र होती तेवढीच ठेवली. पहिल्या दिवशी सोडणारे आणि महिन्याने सोडणारे, दोघांच्या हातात वेगवेगळी माहिती होती. या दोन आठवड्यांत एक काम मात्र उरकून घ्या. पुढचा प्रश्न त्याचाच.

सोडायचं ठरलं. सगळ्यात आधी काय करू?

आधी माल बाहेर काढा, मग राग काढा. बहुतेक जण उलट करतात: रागाच्या भरात खातं बंद, आणि आठवड्याने आठवतं की मागच्या तीन वर्षांची बिलं तिथेच होती.

सेटिंगमध्ये 'एक्स्पोर्ट' किंवा 'तुमची माहिती उतरवा' असं काहीतरी असतं. ते आजच करून ठेवा, सोडायचं नक्की नसलं तरी. युरोपियन संघात राहणाऱ्यांना २५ मे २०१८ पासून जीडीपीआर या तिथल्या खासगी माहितीच्या कायद्याच्या कलम २० खाली स्वतःची माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात मागायचा हक्क आहे. त्या कायद्यासाठी कंपन्यांनी जी बटणं बनवली, ती पुष्कळदा बाकी जगालाही वापरता येतात.

एक्स्पोर्ट केलं की सगळं येतं ना?

नाही हो. माझी झिप फाइल उघडली तेव्हा आत दोन हजारांवर नोंदी होत्या, म्हणजे आकडा बरोबर होता. पण प्रत्येक फाइलवर तारीख एकच, एक्स्पोर्ट केल्याच्या दिवसाची. चित्रांची नावं म्हणजे बत्तीस अक्षरांची अगम्य माळ. एका नोंदीतून दुसरीकडे जाणारे दुवे त्याच कंपनीच्या पत्त्याकडे बोट दाखवत होते. आणि कळस म्हणजे देवनागरी शीर्षकं. त्यांच्या प्रोग्रामला आपली अक्षरं फाइलच्या नावात झेपत नव्हती, त्यामुळे प्रत्येक अक्षराच्या जागी एक आडवी रेघ. '______ १', '______ २', '______ ३' अशा चारेकशे फाइली. इंग्रजी शीर्षकांच्या नोंदी छान नावानिशी आल्या होत्या. कुठली रेघ म्हणजे कराराची नोंद आणि कुठली म्हणजे पुस्तकांची यादी, हे उघडल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

म्हणून खातं बंद करण्याआधी दहा-बारा फाइली हाताने उघडून बघा. एक जुनी, एक नवी, एक चित्रांची, एक तक्त्याची, एक मराठी शीर्षकाची. शक्यतो साध्या स्वरूपात उतरवा: मजकूर असेल तर मार्कडाउन किंवा साधा टेक्स्ट, तक्ते सीएसव्ही, संपर्क व्हीकार्ड, कॅलेंडर आयसीएस. पासवर्ड मॅनेजर बदलत असाल तर जास्त सांभाळून. त्यातून निघणारी सीएसव्ही फाइल उघड्या अक्षरांत असते. नव्या ठिकाणी आयात झाली की लगेच पुसा, कचराकुंडीतूनही. पासकी (पासवर्डऐवजी वापरायच्या डिजिटल किल्ल्या) बहुतेक वेळा सोबत येत नाहीत, प्रत्येक साइटवर नव्याने कराव्या लागतात.

कोड ठेवणाऱ्यांचं अर्धं काम सोपं आहे. गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात सगळा इतिहास तुमच्याच मशीनवर असतो, तो उचलून कुठेही ठेवता येतो. पण त्याभोवतीच्या चर्चा, नोंदवलेल्या चुका आणि त्यांचे क्रमांक गिटमध्ये नसतात. ते वेगळे हलवावे लागतात.

फोनवरून ॲप काढलं. झालं ना?

काहीच झालेलं नाही. खातं तसंच आहे, आणि ॲप स्टोअरमधून घेतलेली वर्गणी असेल तर तीही चालूच आहे. ती स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन वेगळी थांबवावी लागते. खातं पुसायची विनंती दिल्यावरही वाट बघायची मुदत असते. फेसबुकची ३० दिवसांची आहे आणि मध्ये एकदा लॉगिन केलंत की विनंती रद्द होऊ शकते. २०१७ च्या त्या मोहिमेत तर उबरकडे खाती आपोआप पुसायची सोयच नव्हती, ढीग साचल्यावर त्यांना ती बनवावी लागली.

आणखी एक फसगत: 'अमक्याच्या खात्याने लॉगिन करा' हे बटण तुम्ही इतर किती ठिकाणी वापरलंय? आधी तिथे ईमेल आणि पासवर्ड लावून घ्या. नाहीतर एका दारावर राग काढताना बाकीच्या पाच दारांच्या किल्ल्या आत राहतील.

वर्षाचे पैसे आगाऊ भरलेत. परत मिळतील का?

मागून बघा. बहुतेक नाही. आपोआप नूतनीकरण बंद करा आणि उरलेले महिने सामान हलवायला वापरा.

ऑफिसात तेच सॉफ्टवेअर सक्तीचं आहे. काय करू?

वापरा. पगाराच्या कामासाठी वापरणं आणि स्वतःच्या खिशातून पैसे देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यावरून स्वतःला छळू नका. निर्णय घेणाऱ्यांपुढे मुद्दा मांडायचाच असेल तर राजकारणापासून सुरुवात करू नका, बैठक तिथेच विस्कटते. पुरवठादाराकडची किती माणसं गेली, मदतीला किती वेळ लागतोय, माहिती बाहेर काढता येते का, हे विचारा. हे प्रश्न हिशेबनीसालाही कळतात.

मग ओपन सोर्सच (ज्याचा कोड कुणालाही बघता, बदलता, वापरता येतो ते) घ्यावं का? कटकट संपेल.

संपणार नाही, पण तिचा प्रकार बदलेल. मालकाला सोडून सॉफ्टवेअर स्वतःकडे ठेवायची सोय तिथे खरोखर असते. ओपनऑफिस ज्यांच्या हातात होतं ती सन कंपनी ओरॅकलने विकत घेतल्यावर ओपनऑफिसच्या लोकांनी सप्टेंबर २०१० मध्ये वेगळी चूल मांडली, तेच आजचं लिबरऑफिस. पण हेच दार उलट्या दिशेनेही उघडं असतं. २०१९ मध्ये गॅब या अतिउजव्यांच्या नेटवर्कने मास्टोडॉन या, ट्विटरसारख्या पण अनेक स्वतंत्र सर्व्हरवर चालणाऱ्या, नेटवर्कचाच कोड उचलून आपलं दुकान थाटलं. मास्टोडॉनच्या निर्मात्यांना ते मुळीच आवडलं नाही, पण परवाना त्यांना अडवू देत नव्हता. बऱ्याच सर्व्हरनी आणि काही ॲपवाल्यांनी गॅबला आपल्याकडून तोडून टाकलं, तेवढंच हातात होतं.

सगळे एकदम निघाले की नवीन जागी गर्दी होते, मग हळूहळू परत का जातात?

कारण माणसं सॉफ्टवेअरसाठी थोडीच थांबलेली असतात? ऑक्टोबर २०२२ च्या शेवटी ट्विटरचा मालक बदलला तेव्हा मास्टोडॉनवर महिन्याला सक्रिय असलेले लोक सुमारे ३ लाखांवरून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत २५ लाखांवर गेले, आणि जानेवारीपर्यंत १८ लाखांच्या आसपास उतरले. परत गेलेल्यांना कच्चे म्हणू नका. ज्यांची माणसं, गिऱ्हाइकं, वाचक तिकडे आहेत, त्यांना जाण्याची किंमत माझ्यापेक्षा जास्त आहे. मी सोडलं ते नोंदींचं ॲप होतं. तिथे मी एकटीच होते.

जाहीर करून सोडावं की गुपचूप?

कंपनीला चार ओळींचं कारण जरूर कळवा: काय झालं, म्हणून जातेय, एवढंच. खातं बंद करताना कारण विचारणारा रकाना असतो, तो कुणीतरी वाचतं. मदतकक्षात बसलेल्या माणसावर मात्र ओरडू नका. त्याने काही केलेलं नाही, आणि बहुतेक तोही नोकरी शोधतोय.

नवीन कंपनीचा मालकही उद्या तसाच निघाला तर?

निघेल की. फायरफॉक्सवर चिडून ब्रेव्ह या दुसऱ्या ब्राउझरकडे गेलेल्यांपैकी कितीतरी जणांना नंतर कळलं की ब्रेव्ह आइक यांनीच काढलाय. काहींना त्याचा आनंद झाला, काहींनी कपाळाला हात लावला. मी नवीन ॲप निवडताना मालकाची कुंडली काढली नाही. पहिल्याच दिवशी दहा मराठी शीर्षकांच्या नोंदी केल्या आणि लगेच एक्स्पोर्ट करून बघितलं. नावं धड आली. मग पैसे भरले.

पश्चात्ताप होतो का?

जुन्याचा शोध फार वेगवान होता, त्याची आठवण येते. आडव्या रेघांच्या चारशे फाइलींपैकी साठेक अजून उरल्यात. सुट्टीच्या दिवशी चहा घेऊन बसते आणि पाच-सहा उघडून नावं देते. मागच्या खेपेला एकीत मीच त्या कंपनीला सुचवायच्या सुधारणांची यादी निघाली. शेवटचा मुद्दा होता: एक्स्पोर्टमध्ये देवनागरी नीट येत नाही, कळवायचं.